तुमची गाडी काल गेली!

"मॅडम, तुमची गाडी काल गेली."

काळ्या कोटातले टीसी हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणाले, की मला वाटलं ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. मी मागे वळूनसुद्धा बघितलं. मागे माझा नवरा उभा होता. पाठीवर सॅक, हातात ट्रॉली बॅग, गळ्यात ती प्रवासात मानेला लावायची फुगवलेली उशी आणि चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदाच उगवलेलं सुट्टीचं हसू. ते हसू कसं हळूहळू मावळत गेलं, ते मी अगदी जवळून पाहिलंय. सूर्यास्त बघायला गोव्याला जायची गरजच उरली नाही!

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. म्हणजे शुक्र, शनि, रवि अशी सलग तीन दिवसांची सुट्टी. अशी सुट्टी नवीन कॅलेंडर भिंतीवर लागायच्या आधीच अख्खी मुंबई हेरून ठेवते. मीही ठेवली होती. सप्टेंबरच्या शेवटी, रिझर्व्हेशन सुरू होण्याच्या सकाळी ठीक आठ वाजता, लॅपटॉप, माझा मोबाइल आणि नवऱ्याचा मोबाइल अशा तीन आघाड्या उघडून मी पनवेल ते थिवी असे दोन कन्फर्म बर्थ पटकावले. तेव्हा १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आलीय. माझ्यासारख्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं, कारण चूक मुरायला तेवढेच दिवस कमी मिळतात.

चूक अगदी साधी होती. गाडी पनवेलला रात्री १२ वाजून २५ मिनिटांनी यायची. तुमच्या-माझ्या लेखी ती गुरुवारची रात्र. जेवायचं, ओटा आवरायचा, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघायचं आणि निघायचं. रेल्वेच्या लेखी मात्र बाराच्या ठोक्याला शुक्रवार लागतो. मी तारीख टाकली गुरुवारची, २५ जानेवारी. म्हणजे माझं तिकीट होतं बुधवारी मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचं. गाडी आली, आमचे दोन रिकामे बर्थ घेऊन गोव्याला गेलीसुद्धा. आम्ही तेव्हा खारघरला घरी डाराडूर!

चार महिने ही चूक माझ्या मेलबॉक्समध्ये लोणच्यासारखी मुरत पडली होती. बुधवारी संध्याकाळी तर चार्ट तयार झाल्याचा मेसेजही आला. मी एका पुरवणीचा लेख संपवण्याच्या घाईत होते. मेसेज उघडला, डबा आणि बर्थ नंबर बघितला आणि 'वा! या वेळी एक दिवस आधीच' असं म्हणून स्वतःवर खूश झाले. मास कॉमच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं, बातमीतली तारीख दोनदा तपासा. दुसऱ्यांच्या तारखा मी तीनदा तपासते हो!

आता तुम्ही म्हणाल, गाडी चुकली तर चुकली, त्यात काय एवढं! रिक्षा करा, वीस मिनिटांत घरी जा, झोपा. पण मग ते घर कसं आहे, हे आधी सांगायला हवं.

आमचा खारघरचा वन बीएचके, भाड्याचा. मे २०२३ मध्ये आमचं लग्न झालं. ठरवून. म्हणजे प्रोफाइल बघितलं, चार कॉफ्या झाल्या, दोन्हीकडचे काका-मामा एकमेकांच्या ओळखीचे निघाले आणि बार उडाला. जूनमध्ये फिरायला जायचं ठरलं, तर तेव्हाच नवऱ्याच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आलं. जुलैमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. बेडरूम त्यांना दिली, ते योग्यच होतं. आम्ही हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून, गादी घालून. त्यामुळे लग्नाचे पहिले आठ महिने आम्ही नवरा-बायको एकमेकांशी कुजबुजत बोलत होतो. भांडायचो तेसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर. एकाच गादीवर, पाठीला पाठ लावून, दोन मोबाइलच्या उजेडात! 'ठीक आहे' एवढंच टाइप केलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

सासूबाई माणूस म्हणून झकास आहेत. या ट्रिपसाठी त्यांनीच त्यांच्या बहिणीला नाशिकहून बोलावून घेतलं. वर म्हणाल्या, "जा गं बाई एकदाचे. मला टीव्ही मोठ्याने लावता येईल."

तर मंडळी, गोवा म्हणजे आमच्यासाठी समुद्र, शॅक, स्कूटर वगैरे नंतर. आधी आतून कडी लावता येणारं एक दार! त्या दाराचे पैसेही मी भरले होते. एका ठिकाणचं वर्षभर अडकलेलं मानधन अचानक एकरकमी आलं होतं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असा दिवस म्हणजे दिवाळी. त्या तिरमिरीत मी हॉटेलचं बुकिंग करून टाकलं. तेही रद्द केल्यास पैसे परत नाहीत या अटीवर, कारण ते स्वस्त पडत होतं.

टीसींनी सहानुभूतीने मान हलवली. गाडीत जागा मिळेल का विचारल्यावर त्यांनी नुसतं प्लॅटफॉर्मकडे बोट दाखवलं. तिथली गर्दी बघून उत्तर कळलं. थोड्या वेळाने ती गाडीही आली. डब्यांच्या दारात माणसं बॅगा छातीशी धरून उभी होती. गाडी गेली. आम्ही बाकावर बसलो.

आणि मग नवरा म्हणाला, "तुला एवढं एकच काम होतं."

एवढं एकच! मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्या डोळ्यांसमोर माझी एक्सेल शीट आली. तिकीट, हॉटेल, स्कूटर, कुठे काय खायचं त्याची यादी, मावशींचं येणं, सासूबाईंच्या गोळ्यांचे दिवसवार डबे, कामवाल्या ताईंना निरोप, दूध बंद, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना किल्ली. साहेबांनी काय केलं होतं? पोहायची चड्डी आणि ती गळ्यातली उशी विकत आणली होती!

"एकच काम? मग तू का नाही बघितलंस तिकीट? तुझ्याही मोबाइलवर पाठवलं होतं."

"तूच म्हणालीस ना, मी बघते सगळं?"

"मी म्हणाले, कारण तू चार महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस!"

"मग चुकलीस तर चुकले म्हण. तुझं तिकीट, तुझी तारीख..."

"आणि पैसे? तेही माझेच गेलेत. तुझं काय गेलं?"

हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं, की हे जरा जास्तच झालं. त्याचा चेहरा एकदम बंद झाला. दुकानाचं शटर ओढावं तसा. तो उठला आणि काही न बोलता जिन्याकडे चालू लागला.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे शेजारच्या बाकावरचं अख्खं कुटुंब आमच्याकडे बघत होतं. आजीबाईंनी तर बघण्यासाठी चष्मा लावला होता. दुसरी म्हणजे, आम्ही मोठ्याने भांडलो होतो. लग्नानंतर पहिल्यांदा! टाइप न करता, तोंडाने, पूर्ण आवाजात. खरं सांगू? रडू येत असतानाही आत कुठेतरी जाम मोकळं वाटलं.

वीस मिनिटं झाली. नवरा येईना. फोन करावा तर कोणी आधी करायचा? वर पौर्णिमेचा चंद्र मात्र अगदी गोव्याच्या ब्रोशरमधल्यासारखा उगवून बसला होता. मी मनातल्या मनात माहेरी करायच्या फोनचं पहिलं वाक्य तयार केलं. तेवढ्यात तो दोन चहा घेऊन आला. एक माझ्या हातात दिला आणि समोर बघत म्हणाला, "बाहेर रिक्षावाल्याला विचारलं. एसटी स्टँडवर कोकणातल्या जादा गाड्या येतायत. बघू या का? नाही तर घरी."

घरी? दोन बॅगा घेऊन रात्री एक वाजता बेल वाजवायची, मावशी दार उघडणार, हॉलमध्ये आमच्या गादीवर त्याच झोपलेल्या असणार!

"बघू या," मी म्हणाले.

पनवेलच्या स्टँडवर त्या रात्री जत्रा होती. गणपतीला असते तशी. महाड, खेड, दापोली, चिपळूण... प्रत्येक गाडी आधीच भरून आलेली. शेवटी एक लाल डबा आला, पाटीवर 'गुहागर'. कंडक्टरने दारातूनच आरोळी दिली, "मागं दोन जागा हायत, बसायचं तर चला!"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "गुहागर?"

"समुद्र आहे तिथे."

"बुकिंग?"

"गोव्याला होतं ना बुकिंग!"

आम्ही चढलो. कंडक्टरने मशीन काढलं आणि विचारलं, "कुठं उतरणार?" नवरा म्हणाला, "समुद्राजवळ." कंडक्टरने त्याच्या गळ्यातल्या उशीकडे एक नजर टाकली आणि काही न बोलता गुहागरची दोन तिकिटं फाडली. एक त्याचं पूर्ण, एक माझं अर्धं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, हे मला बातमी म्हणून माहीत होतं. पण नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या निम्म्या किमतीचं तिकीट हातात घ्यायची मजा काही औरच!

"बघ," मी म्हटलं, "पैसे वाचवले की नाही?"

तो हसला नाही. पण मागच्या सीटवर, जिथे प्रत्येक खड्ड्याला प्रवासी पाऊण फूट वर उडतो, तिथे त्याने ती गळ्यातली उशी काढून माझ्या पाठीमागे सरकवली.

बोलणं झालं ते महाडच्या अलीकडे, चहाच्या थांब्यावर. पहाटेचे साडेचार, बोचरी थंडी, स्वच्छतागृहासमोर बायकांची मारुतीच्या शेपटाएवढी रांग. मी परत आले तेव्हा तो बसच्या चाकाशी टेकून उभा होता.

"तू 'पैसे माझे' म्हणालीस," तो म्हणाला.

"तू 'तुझं तिकीट' म्हणालास."

"मला लागलं ते. हॉटेल तू बुक केलंस तेव्हाच मला कसंतरी वाटलं होतं. घरभाडं, हप्ता, आईचं ऑपरेशन यातून माझ्याकडे काही उरतच नव्हतं. फिरायला नेणार म्हणून सांगितलं होतं तुझ्या बाबांना. नेत होतीस तू."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या एक्सेल शीटमध्ये याचा रकाना नव्हता. मी आपली समजत होते, त्याला काही पडलेलीच नाही. चार महिने त्याने ट्रिपबद्दल एक प्रश्न विचारला नाही तो आळसाने नाही, तर प्रश्न विचारला की पैशांचा विषय निघेल म्हणून. आणि मला वाटायचं, प्रश्न विचारत नाही म्हणजे माझ्यावर टाकून मोकळा झाला. दोघंही एकाच गादीवर आणि दोघांची दोन वेगळी गणितं!

"पण 'एकच काम' हे मात्र खोटं होतं," मी म्हणाले.

"किती होती?"

मी बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. तुळशीच्या पाण्यापर्यंत आले तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न दिला. नवरा म्हणाला, "उरलेली गाडीत सांग." आणि खरंच, खेड येईपर्यंत मी सांगत होते. मग कधी तरी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. यादी ऐकून झोप लागली की काय कोण जाणे.

चिपळूण सोडून गाडी गुहागरच्या रस्त्याला लागली तेव्हा उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, मोहोराचा वास थेट खिडकीतून आत. शृंगारतळीला गाडी थांबली, कारण समोरून शाळेची प्रभातफेरी येत होती. पांढरे शुभ्र गणवेश, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात छोटे झेंडे. शेवटच्या रांगेतला एक चिमुरडा घोषणा विसरून आमच्याकडेच बघत राहिला. आम्ही त्याला हात केला. त्याने झेंडा हलवला. सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता मी एरवी झोपलेली असते, हे कबूल करायला हरकत नाही.

गुहागरला उतरलो आणि दुसरा अंक सुरू झाला. गावात एक खोली शिल्लक असेल तर शपथ! सहा ठिकाणी विचारलं. सहाव्या ठिकाणी तर "खोली" म्हणायच्या आधीच त्यांनी हात जोडले. व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्राच्या बाजूला जाणाऱ्या एका गल्लीत 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी दिसली. आत नारळी-पोफळीची वाडी, अंगणभर सोनेरी सुपाऱ्या वाळत घातलेल्या. काकूंनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"खोल्या गेल्या हो सगळ्या. सुपारीची खोली आहे, पण तिथं तुमच्यासारखे नाही राहायचे."

"राहतो," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

अर्ध्या खोलीत सुपारीची पोती, उरलेल्या अर्ध्यात आमच्यासाठी घातलेल्या दोन गाद्या, एक खिडकी आणि त्या खिडकीतून रात्रंदिवस समुद्राचा आवाज. नवऱ्याने दार लावून बघितलं. ते आपोआप उघडलं. परत लावलं. परत उघडलं.

"कडी तुटलीय त्याची," काकू बाहेरून म्हणाल्या. "आतून वरवंटा लावा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पोट धरून हसलो. सगळा खटाटोप एका कडीसाठी! तर मंडळी, आमच्या हनिमूनच्या दाराला तीन दिवस पाट्यावरचा वरवंटा होता, आणि तो पुरला.

ती जागा गोव्याच्या हॉटेलइतकी छान होती असं मी म्हणणार नाही. पहाटे पाचला डोक्यावर पोफळीची झावळी धप्पकन पडायची. अंघोळीचं पाणी चुलीवर तापायचं, त्यामुळे केसांना धुराचा वास. गेलेल्या पैशांची आठवण तर दर दोन तासांनी यायची. हॉटेलला फोन केला, त्यांनी अटींकडे बोट दाखवलं. अट मीच मान्य केली होती. पण सकाळी केळीच्या पानावर गरम घावन आणि नारळाची चटणी, दुपारी भात आणि कुळथाचं पिठलं, आणि वाडीचं मागचं फाटक ढकललं की थेट वाळू. तो किनारा लांबच लांब, सहा-एक किलोमीटरचा. जोडसुट्टीची गर्दी पहिल्या शंभर पावलांतच संपून जायची. पुढे आम्ही दोघं आणि खेकडे. तिथे आम्ही चालायचो आणि मोठमोठ्याने बोलायचो. कशाबद्दलही. त्याला लहानपणी कुत्रा चावला होता, हे मला आठ महिन्यांनी तिथे कळलं. कुजबुजत सांगण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात. कुत्र्याची गोष्ट मोठ्यानेच सांगावी लागते.

शनिवारी नवऱ्याने जाहीर केलं, "आजचं प्लॅनिंग माझं. तू काही करायचं नाहीस."

त्याने काकूंच्या ओळखीची रिक्षा ठरवली. वेळणेश्वरला देवदर्शन, मग हेदवीचा दशभुजा गणपती आणि सूर्यास्ताच्या वेळेला हेदवीची बामणघळ. किनाऱ्यावरच्या काळ्या कातळाला एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीच्या वेळी समुद्र त्या चिरेत घुसतो आणि पाण्याचा लोट उभा वर उसळतो. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. "सूर्यास्ताचा उजेड आणि मागे पाण्याचा फवारा. विचार कर!"

आम्ही पावणेसहाला पोचलो. उजेड अप्रतिम होता. घळही होती. पाणी नव्हतं! खाली ओला कातळ, थोडं शेवाळ, तीन खेकडे.

नवरा वाकून बघत राहिला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "येईल आता," म्हणाला. पंधरा मिनिटं झाली. पाणी आणखी मागे गेलं.

शेवटी रिक्षावाले काका आले. "अहो, तुम्ही सूर्यास्त बघायचाय म्हणालात. घळ उडताना बघायचीय असं कुठं बोललात?" मग त्यांनी आम्हाला वाळूवर बसवून पहिलीतल्या मुलांसारखं शिकवलं. "आज तिथी कुठली? द्वितीया. दोनाची पाऊणपट किती? दीड. म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमाराला. तिथून सहा तासांनी ओहोटी. आता काय असणार?"

नवऱ्याने खरंच मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता. तो त्याने हळूच बंद केला.

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. 'तुला एवढं एकच काम होतं.' तयार कसलं, ते परवा रात्रीपासून धार लावून बसलं होतं! मी त्याच्याकडे बघितलं. उन्हाने लाल झालेलं नाक, भिजलेल्या चपला आणि चेहऱ्यावर ते भाव, जे पनवेलच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या चेहऱ्यावर असणार. चूक आपली आहे हे कळलंय आणि आता समोरचा काय म्हणेल याची वाट बघायची, तो मधला एक क्षण. किती लांब असतो तो!

मी आवाज जाड केला आणि टीसींच्या शांतपणाने म्हणाले, "साहेब, तुमची भरती दुपारीच गेली."

तो आधी माझ्याकडे बघतच राहिला. मग जो हसत सुटला, की रिक्षावाले काकाही हसायला लागले. हसून झाल्यावर तो म्हणाला, "मी पनवेलला असं काहीतरी बोलायला हवं होतं ना?"

"बोलला असतास तर आपण गुहागरला आलो नसतो. घरी जाऊन झोपलो असतो."

हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले. अजूनही मला नक्की ठरवता येत नाही ते खरं आहे का.

रविवारी तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. आम्ही दोनला पाच कमी असताना घळीच्या काठावर हजर! पहिल्या लाटेला नुसताच आतून गडगडाट आला. दुसरीलाही तेच. तिसऱ्या लाटेला पाणी चिरेतून असं काही वर उसळलं, की आम्ही दोघं नखशिखान्त भिजलो. फोटो एकही नीट आला नाही. एकात माझा कान आहे आणि त्याचा अंगठा. तोच आमच्या फ्रिजवर लावलाय.

रात्रीच्या एसटीचं तिकीट काढायला खिडकीवर गेलो, तेव्हा तिकीट हातात पडताच दोघांनी एकदम मोठ्याने वाचलं, "२८ जानेवारी, रविवार, रात्री नऊ." मागचे आजोबा म्हणाले, "आमचंही वाचून द्या, चष्मा राहिलाय."

ती सवय अजून आहे. तुम्हालाही फुकटात देऊन टाकते. तिकिटावरची वेळ रात्री बारापासून पहाटेपर्यंतची असेल, तर आदल्या संध्याकाळी घर सोडायचं असतं. हे एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद दोघांनी वाचा. दोघांनी, हे महत्त्वाचं. एकट्याने वाचलेल्या तिकिटावर दोघांचा प्रवास लिहिलेला असतो, पण चूक मात्र एकाच्याच नावावर पडते.

सोमवारी पहाटे घरी पोचलो. सासूबाई जाग्याच होत्या. आमच्याकडे पिशवीभर सुपाऱ्या, दोन नारळ आणि कोकमाची बाटली बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे गोव्याचं?"

"गुहागरचं," मी म्हणाले आणि गप्प झाले. आता सगळं सांगावं लागणार होतं. तारीख, गाडी, पैसे. मावशीही चहाचा कप घेऊन ऐकायला बसल्या.

"गुहागर? अगं, गाडीचं काय झालं मग?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आत नवरा बुटाची लेस सोडता सोडता म्हणाला, "आम्ही तारीख चुकवली, आई."

सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दोघांनी मिळून?"

"हो," तो म्हणाला, "दोघांनी मिळून."